आधीचा डाग

३ जानेवारी, शुक्रवार

खाज : सकाळी सात, संध्याकाळी आठ.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच लिहायला सांगितलंय. रोज दोन आकडे, शून्य ते दहा. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यावर मान घासावीशी वाटते. मी विचारलं, दहाच्या वर गेली तर? त्या म्हणाल्या, "तर मला फोन करा."

डायरी मालकांची आहे. दरवर्षी गिऱ्हाइकांना वाटायला लॉन्ड्रीचं नाव छापून आणतात, त्यातली उरलेली. पान एवढं मोठं आणि आकडे दोनच, म्हणून बाकीचंही लिहितेय. कोरी जागा वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. डॉक्टरीणबाईंनी वाचायला मागितली तर काय करायचं ते तेव्हा बघू.

आज त्यांनी इंजेक्शनचा विषय काढला. माझ्या उजव्या कानाखालून गळ्यावरून थेट खांद्यापर्यंत भाजल्याचा वण आहे. आठ महिने झाले. जखम भरली तेव्हा सपाट होता, मग फुगत गेला. आता बोटाएवढा जाड, लाल, टणक पट्टा झालाय. मान डावीकडे वळवली की ओढ बसते. दाबपट्टा बांधून झाला, जेलचा चिकट कागद लावून झाला, मालिश चालूच आहे.

"स्टिरॉइडची इंजेक्शनं हा एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "वणाच्या आतच टोचायची. चार-पाच आठवड्यांनी एकदा, अशी चार-पाच वेळा. वण बसतो, खाज कमी होते. बहुतेकांची."

बहुतेकांची. हा शब्द मीही गिऱ्हाइकांशी बोलताना वापरते, त्यामुळे तो किती धुतला की विरतो ते मला ठाऊक आहे.

"आणि बिघडलं तर?"

"कातडी पातळ होऊ शकते. खड्डा पडू शकतो. रंग फिका पडतो कधी कधी. आणि टोचताना दुखतं, खोटं नाही सांगणार. घाई काही नाही. विचार करा."

विचार करा म्हणून त्या मोकळ्या झाल्या. रिक्षात बसल्यापासून मी तेवढंच करतेय.

४ जानेवारी, शनिवार

खाज : सहा, सात.

अठरा वर्षं मी लॉन्ड्रीत डाग काढते. धुणारे वेगळे, इस्त्री करणारे वेगळे. माझं टेबल खिडकीपाशी, वर दिवा, बाजूला वाफेची बंदूक, समोर बाटल्या आणि डाग खरवडायची हाडाची पट्टी. शाई, गंज, रक्त, चहा, तेल, लिपस्टिक. सगळे मला 'डागताई' म्हणायचे. मालकसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या डागताईंना दाखवतो, त्या नाही म्हणाल्या तर मग देवही काही करू शकणार नाही."

आठ महिन्यांत एकदाही कोणी डागताई म्हटलेलं नाही. आता मी आतल्या खोलीत घड्या घालते आणि चिठ्ठ्या टाचते. टेबल रिकामं आहे. नाव गेलं म्हणजे जागा गेली, एवढं मला समजतं.

७ जानेवारी, मंगळवार

खाज : सात, सात.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कशाला गं टोचून घेतेस? चंद्रालाही डाग असतो."

हे वाक्य आठ महिन्यांत मी नऊ जणांकडून ऐकलंय. आज राहवलं नाही. म्हटलं, "चंद्राला खाज येत नाही, आई."

सासूबाई हसल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दुधानं तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकून पितेयस, ते बरंच आहे. पण फुंकता फुंकता ताक सांडू नकोस म्हणजे झालं."

हे काहीच बोलले नाहीत. ह्यांचं नळकाम आहे. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली वाकून काम करतात आणि घरी आले की शब्द संपलेले असतात. संध्याकाळी दिवे लागले की मालिश करतात. पंधरा मिनिटं, अंगठ्यानं, गोल गोल, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं. तोंड मात्र भिंतीकडे. माझ्या गळ्याकडे बघवत नसेल. इंजेक्शननं वण बसला तर बिचाऱ्यांची सुटका तरी होईल.

९ जानेवारी, गुरुवार

खाज : सहा, आठ.

मालकांच्या कानावर गेलंच. घडीखोलीत स्वतः आले, खुर्ची ओढून बसले. "बाई, ऐकलं मी. घ्याच तुम्ही इंजेक्शनं. त्या सरकारी दवाखान्यात कशाला ताटकळता? माझ्या ओळखीचे एक कातडीचे डॉक्टर आहेत. सगळ्या वणात एकदम टोचतात. दोन महिन्यांत सफाचट. एक घाव दोन तुकडे. बाकीचं माझ्यावर सोडा."

"सगळ्या वणात एकदम?"

"मग काय! आणि वण गेला की तुमचं टेबल तुम्हाला परत. आत्ता कसं, गिऱ्हाईक समोर असतं..."

पुढचं बोलायची गरजही नव्हती. पण माणूस म्हणून फार मोठा. भाजले त्या दिवशी स्वतःच्या गाडीतून मला दवाखान्यात नेलं. आणि काळजी किती! दुसऱ्याच दिवशी वाफेची नवी नळी, नवा जोड, सगळं बसवून घेतलं. मी दवाखान्यात पडलेली आणि इकडे नळी बदललेली. कोण करतं एवढं?

हे मी इस्त्रीमामांना सांगितलं. मामा माझ्या आधीपासून इथे आहेत, साठी ओलांडलीय. ते म्हणाले, "होय पोरी, लय चपळाई केली," आणि खोकत बसले. त्यांचा खोकला वाढलाय. त्यांनी पण कोणाला तरी दाखवायला हवं.

१३ जानेवारी, सोमवार

खाज : आठ, आठ.

दवाखान्यात जेलचा कागद आणायला गेले होते. रांगेत पुढे एक बाई होती, हातावर तेल उडालं होतं म्हणे. तिनं इंजेक्शनं घेतलेली, दुसरीकडे कुठेतरी. वण सपाट झालाय, पण मधोमध खळगा आणि कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या. रंग आजूबाजूपेक्षा फिका. मी विचारलं, खाज? ती म्हणाली, "खाज गेली हो, पण हे बघा ना."

आमच्या धंद्यात ह्याला 'डाग गेला आणि कापडही गेलं' म्हणतात. घाईनं घासलं, जास्त औषध ओतलं, की होतं. मी पहिल्या वर्षी एका रेशमी दुपट्ट्याचं असंच केलं होतं. डाग होता तिथे बघितलं तर पलीकडची भिंत दिसत होती.

घरी आल्यापासून आरशात मान बघतेय. हा पट्टा निदान जाड तरी आहे. माझाच आहे. फाटणार तर नाही. मग खाज सुटते आणि वाटतं, फाटला तरी चालेल.

१६ जानेवारी, गुरुवार

खाज : सात. संध्याकाळची लिहीत नाही, तिथे आज दुसरंच काहीतरी होतंय.

डॉक्टरीणबाईंना आज विचारून टाकलं. म्हटलं, "हसू नका. आम्ही अवघड कापडावर औषध लावायच्या आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून बघतो. रंग उतरतो का, वीण सैल होते का. तसं करता येईल का?"

त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आतली शिवण कुठली तुमची?"

मी पदर सरकवून खांद्याचा मागचा भाग दाखवला. वण तिथे संपतो, शेपटीसारखा, दोन बोटं. कपड्याखाली झाकला जातो.

"छान," त्या म्हणाल्या. "इथेच बघू. पाच आठवडे थांबू आणि मग ठरवा."

मग कागद भरायला घेतला. "कशानं भाजलं?"

"वाफेनं."

"कशी काय?"

"नळीचा जोड निसटला. मीच वाकले होते. घाई होती, एक कोट तासाभरात द्यायचा होता. माझीच चूक."

त्यांनी लिहिलं. लिहिता लिहिता एकदा माझ्याकडे बघितलं.

टोचताना दुखतं म्हणाल्या होत्या, ते कमीच सांगितलं होतं. वण इतका टणक की औषध आत शिरतच नाही, त्या अंगठा पांढरा होईपर्यंत दाबत होत्या. "ओरडा हवं तर, इथे सगळे ओरडतात." मी रुमाल दातात धरला. लहानपणापासून मला ओरडायची सवय नाही. भाजले तेव्हाही ओरडले नव्हते, मामा अजून सांगतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

ठणकतंय. खाज कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिथे मालिश आठवडाभर बंद ठेवायला सांगितलंय. ह्यांनी तेवढी दोन बोटं सोडून बाकीची मान चोळली. अंगठा तिथे आला की उचलायचे आणि पलीकडे ठेवायचे. एकदाही चुकले नाहीत. तोंड भिंतीकडे असूनही.

२८ जानेवारी, मंगळवार

खाज : सात, सात. शिवणीवरही सात.

काहीच फरक नाही. उगाच टोचून घेतलं. की जास्त टोचायला हवं होतं? की आता आतल्या आत पातळ होत चाललंय आणि एक दिवस अचानक भसकन खड्डा पडेल? दिवसातून दहा वेळा हात मागे नेऊन चाचपते. सासूबाई म्हणाल्या, "पेरलेलं उकरून बघू नये गं."

मालक रोज विचारतात. आज दिव्याखाली उभं करून मान निरखली, मालाची तपासणी करावी तशी. "किती दिवस चालणार हे तुमच्या डॉक्टरीणबाईंचं? मार्चच्या आत उरकलं तर बरं."

"मार्चचं काय?"

"काही नाही, आपलं असंच. उन्हाळ्यात त्रास नको तुम्हाला."

किती बारीक विचार करतात.

मामा दुपारी चहा पिताना म्हणाले, मार्चमध्ये कामगार खात्याचे तपासनीस यायचेत, अठरा तारखेला, म्हणून मालक सगळीकडे रंग मारून घेतायत. मी म्हटलं, बरं झालं, भिंती किती कळकट झाल्यात. मामा माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा खोकला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खाज : सहा, सात. शिवणीवर : दोन!

तीनदा चाचपलं. दोनच. आणि मऊ लागतंय. बाकीचा पट्टा टणक आहे आणि शेपटी बसलीय. मी सासूबाईंना हात लावायला लावला, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की." ह्यांनी संध्याकाळी अंगठा फिरवला आणि तिथे थांबले. दोनदा फिरवला. म्हणाले, "हं."

ह्यांच्या 'हं'चे पाच-सहा प्रकार आहेत. हा मी आधी ऐकला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खाज : सात, आठ. शिवणीवर : शून्य.

शून्य. पण कडेनं फिकं कडं आलंय. दोन आरसे धरून बघितलं, मग उन्हात जाऊन बघितलं. उन्हात जास्त दिसतं. रंग उतरला. मी ओळखते रंग उतरलेला, अठरा वर्षं तेच बघतेय.

तिथे कपड्याखाली झाकलंय. हेच गळ्यावर झालं तर? लाल पट्ट्याऐवजी पांढरा पट्टा. त्यापेक्षा आहे ते काय वाईट? पण आहे ते तरी कुठे धड आहे, काल झोपेत खाजवून उशीला रक्त लागलं. (थंड पाण्यात भिजवली. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग कायमचा बसतो, हे लोकांना कितीही सांगा.)

जीव टांगणीला लागलाय. दिवसभर घड्या चुकत होत्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खाज : सात.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं, चिमटीत धरून बघितलं. "वण बसलाय, कातडी टिकलीय, खड्डा नाही. रंगाचं सांगते, बऱ्याच जणांचा काही महिन्यांत परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. गळ्यावर मी औषध आणखी सौम्य देईन, थोडं थोडं."

"आणि नाही घेतलं तर?"

"वण आपण होऊनही थोडा बसतो, वर्ष-दोन वर्षांत. पण तुमची मान ओढली जातेय. डावीकडे बघा."

मी बघितलं. खांद्यावरून मागचं दार दिसायला हवं होतं, मला खिडकी दिसली.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?" मी विचारलं.

"मी तुमच्या जागी नाही," त्या म्हणाल्या. "मान वळवायची तुम्हाला, आरशात बघायचं तुम्हाला. तेरा मार्चची वेळ लिहून ठेवते. नको वाटलं तर कळवा."

डायरी चाळली त्यांनी. फक्त आकडे बघून परत दिली. निदान तसं दाखवलं तरी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

खाज : सहा, सात.

आज मामांना धरलंच. म्हटलं, "मामा, खरं सांगा, मला कोणी डागताई का म्हणत नाही? टेबल दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरलंय का?"

मामांनी इस्त्री उभी केली. "अगं येडे, तुझ्या गळ्याकडं बघून त्या नावानं हाक कशी मारायची? जीभ वळत नाही. सगळ्यांनी आपसात ठरवलं, ते नाव काढायचं नाही."

मी किती दिवस काय काय धरून बसले होते! हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "मामा, हा वण आहे. डाग कापडावर असतो. तुम्ही इतकी वर्षं इथे काम करून तुम्हाला फरक कळत नाही?"

"कळतो," मामा म्हणाले. "डाग कोण पाडतं तेही कळतं." आणि गिऱ्हाईक नसताना उगाच घंटी वाजल्यासारखं करून पुढे निघून गेले.

४ मार्च, मंगळवार

खाज : लिहायचं राहिलं.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "बाई, माझ्या डॉक्टरांची परवाची वेळ घेतलीय. सगळ्या वणात एकदम, आठवड्यात सूज उतरेल. फक्त हा एक कागद. खर्च दुकानातून दाखवायचा तर काहीतरी लिहून लागतं ना. इथे सही करा."

मी त्यांनी दिलेला कागद कधी वाचत नाही. आज चष्मा डोळ्यावर होता म्हणून नजर गेली. छापलेलं होतं : सदर इजा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली असून यंत्रसामग्रीत कोणताही दोष नव्हता. जबाबदारी सर्वस्वी माझी राहील. खाली तारीख. तारीख मागची, गेल्या मे महिन्यातली, मी दवाखान्यात असतानाची.

हातातलं पेन थांबलं.

ही भाषा माझी आहे. वाक्य असं लांबलचक नसतं, पण भाषा माझीच. आमच्याकडे कपडा बिघडला की मालक चिठ्ठी घेऊन यायचे. इस्त्रीनं कॉलर जळाली, माझ्या औषधानं बाही फिकट झाली, काहीही. म्हणायचे, "डागताई, जरा मागच्या तारखेनं लिहा." आणि मी चिठ्ठीवर लिहायचे : आधीचा डाग. जबाबदारी गिऱ्हाइकाची. मग गिऱ्हाईक येतं, चिठ्ठी बघतं, डोकं खाजवतं. "असेल बुवा आधीचा, माझंच लक्ष नसेल." बहुतेक सगळे असंच म्हणतात. आपल्याच कपड्याबद्दल त्यांना खात्री राहत नाही. किती लिहिल्या असतील मी अशा चिठ्ठ्या? अक्षर चांगलं म्हणून मलाच सांगायचे.

मी म्हटलं, "घरी वाचून आणते."

"वाचायचंय काय त्यात?" मालक हसले. पण चहा तसाच राहिला, त्यांचाही आणि माझाही.

५ मार्च, बुधवार

खाज : नऊ, नऊ.

कामावर गेले नाही.

७ मार्च, शुक्रवार

खाज : आठ, आठ. मालकांच्या डॉक्टरांकडे काल गेले नाही.

आज मालिश करताना ह्यांच्यापुढे कागद ठेवला. ह्यांनी हात पुसले, वाचला, घडी केली.

"तू भाजलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो लॉन्ड्रीत," हे म्हणाले. "जोड बघायला. धंदा आहे माझा, बघितल्याबरोबर कळलं असतं. तर नवी नळी बसलेली. जुनी कुठेय म्हटलं तर म्हणे भंगारात गेली. सकाळी अकरा वाजता. अकराच्या आत कोण भंगार देतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुला दोनदा सांगायला घेतलं. तू म्हणालीस, माझीच चूक, मालक देवमाणूस आहेत, तुम्ही काही बोलू नका. म्हटलं, हिला त्यातच बरं वाटत असेल तर वाटू दे. जखमेवर आणखी कशाला." मग म्हणाले, "तोंड फिरवून बसायचो मी. मान दिसली की तो जोड दिसायचा. राग आवरायचा नाही."

दहा महिने मी समजत होते की ह्यांना किळस येते.

मी रडले. मग म्हटलं, "आता इंजेक्शन घेत नाही. राहू दे वण. तपासनीस येतील तेव्हा उघडी मान घेऊन पुढे उभी राहते."

"आणि तपासनीस गेल्यावर?" हे म्हणाले. "रात्रभर खाजवत कोण बसणार, ते का मी? त्यांना दाखवायला म्हणून अंगावर ठेवायची वस्तू आहे का ती? मान तुझी आहे."

लग्नाला बावीस वर्षं झाली. एका संध्याकाळी एवढं बोललेले मला आठवत नाहीत.

१० मार्च, सोमवार

खाज : सात, आठ.

कागद परत दिला, सही न करता. टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतले.

मालकांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

"तुम्हीच," मी म्हटलं. "इतकी वर्षं."

"बघा बाई, मी तुमच्या भल्याचं बोलत होतो. मग टेबलाचं विसरा. आणि इथे राहायचं की नाही, त्याचाही विचार करून ठेवा."

अठरा वर्षांत मी दुसरं काही शिकले नाही. दुसऱ्या लॉन्ड्रीत विचारतील, तिथून का निघालात? काय सांगू? मालक माझ्याबद्दल काय लिहून देतील ते मला माहीत आहे, मसुदा माझ्याकडूनच शिकलेत. सासूबाई म्हणतात, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. उगी राहा, बघू." उगी कशी राहू? घडीखोलीत आज दिवसभर कोणी माझ्याशी बोललं नाही. फक्त निघताना मामा दारापाशी उभे होते. हळूच म्हणाले, "अठराला मला विचारलं तर जे बघितलं ते सांगेन. साठी झाली, आता मला कोण काय करणार."

आणि तेराला तीन दिवस राहिले. तेही ठरत नाही. संध्याकाळी दोन आरसे घेतले, शिवणीवरची दोन बोटं बघितली. कडं अजून फिकंच आहे. चिमटीत धरून बघितलं, गिऱ्हाइकाचं कापड असतं तर काय सांगितलं असतं, तसं. सांगितलं असतं : रंगाची हमी नाही, पण वीण शाबूत आहे. आणि महिनाभर तिथे एकदाही नख लावलेलं नाही.

घ्यायचं. भीती वाटतेच आहे. पण घ्यायचं. मालकांच्या डॉक्टरांकडे नाही, माझ्या डॉक्टरीणबाईंकडे, थोडं थोडं.

१३ मार्च, गुरुवार

हे कामावर न जाता बरोबर आले. पडद्याबाहेर बाकावर बसले.

मी आत गेल्यावर आधी म्हटलं, "बाई, माझ्या कागदावर एक चुकीचं लिहिलंय. मीच तसं सांगितलं होतं. ते बदलायचंय."

त्यांनी जानेवारीचा कागद काढला. 'स्वतःच्या चुकीने' ह्या शब्दांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

"जोडातून कितीतरी दिवस वाफ फुसफुसत होती," मी सांगितलं. "त्यावर चिंध्या गुंडाळून काम चालू ठेवायला मालकांनी सांगितलं होतं. त्या दिवशी तो निसटला. मी माझ्या जागी उभं राहून माझं काम करत होते."

जुनं वाक्य त्यांनी खोडलं नाही. खाली आजची तारीख टाकून नवीन लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं. मग गळ्याचे फोटो काढले, पट्टी धरून लांबी-रुंदी मोजली, सगळं लिहून शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. म्हणाल्या, "आता वण बसला तरी हा कागद बसणार नाही." अठराला ती प्रत घेऊन जाणार आहे. नंतर काय होईल ते माहीत नाही.

मग पालथ्या हातानं डोळे पुसले आणि मान डावीकडे केली, जेवढी होते तेवढी.

"गळ्यावर जास्त लागतं," त्या म्हणाल्या. "दहा-बारा ठिकाणी टोचावं लागेल. रुमाल देऊ?"

मी नको म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

पहिली टोचणी कानाखाली. औषध आत शिरेना, त्यांनी दाबलं, आणि सगळा गळा पेटला, अगदी तसाच, त्या दिवशीसारखा. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी कधी मनातही बोलले नव्हते. अठरा वर्षं ज्यांना मी अहो-जाहो केलं, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले नाही, त्यांना मी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हटलं, "मेल्या, तीनदा सांगितलं होतं तुला! तीनदा!"

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. बाहेर बाक करकरला. हे उठून उभे राहिले असणार.

"मला म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही," मी म्हटलं. "तुम्ही थांबू नका."

अजून अकरा टोचण्या होत्या. अकराही वेळा मी तेच म्हटलं, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं.